थायरॉइडचं ऑपरेशन आणि आवाजाची नस: कोल्हापुरातला माझा अनुभव

२० जून २०२४ ला कोल्हापुरात माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. दोन्ही बाजूंची ग्रंथी पूर्ण काढली. ऑपरेशनच्या आधी मराठीत वाचायला काही मिळतंय का म्हणून मी बरंच शोधलं. थायरॉइडच्या गोळ्या, पथ्य, वजन यांवर भरपूर लिहिलेलं होतं. पण या ऑपरेशनात आवाजाच्या नसेला धोका असतो, ती सांभाळायला एक मशीन लावता येतं, ते कोण आणतं, त्याचे पैसे विम्यातून मिळतात का, यावर जवळपास काहीच सापडलं नाही. ज्यांची तारीख ठरलीय आणि ज्यांना रात्री झोप लागत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी डॉक्टर नाही. शाहू मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे आणि वडिलांनंतर सौद्यात बोली पुकारायचं काम माझ्याकडं आलं. हंगामात रोज सकाळी गुळाच्या रव्यांच्या (ढेपांच्या) थप्प्यांपुढं उभं राहून, हमालांच्या आणि गाड्यांच्या गलक्यात भाव चढवत न्यायचा. माइक नसतो. त्यामुळं डॉक्टरांनी गाठीबद्दल काहीही सांगितलं तरी माझा पुढचा प्रश्न आवाजाचाच असायचा.

गाठ माझ्या लक्षात आलीच नव्हती. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी दाढीला बसलो होतो. दुकानातल्या मामांनी गळ्यावर वस्तरा थांबवला आणि म्हणाले, "मालक, हितं उजवीकडं काय तरी हाय बघा. गिळा बघू." मी आवंढा गिळला आणि आरशात पाहिलं, तर गळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी वर जाऊन परत खाली आलं. दुखत नव्हतं, खाताना अडकत नव्हतं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइडचं काम दाखवणारा टीएसएच २.१ आला, म्हणजे नॉर्मल. घरात सगळ्यांना वाटलं, चला, थायरॉइड नाही. डॉक्टरांनी लगेच समजावलं की ग्रंथी काम नीट करत असली तरी तिच्यात गाठ असू शकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजारामपुरीत सोनोग्राफी केली, १,२०० रुपये. उजव्या बाजूला ४.२ सेंटिमीटरची भरीव गाठ, डावीकडं १.४ सेंटिमीटरची एक आणि बाकी बारीक. रिपोर्टच्या खाली लिहिलं होतं, टायरॅड्स ४. त्याचा अर्थ संशयास्पद, सुई घालून तपासा.

सुईच्या तपासणीची मला उगाच धास्ती होती. एफएनएसी म्हणतात तिला. इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक सुई, सोनोग्राफीत बघत बघत दोन-तीन वेळा घालतात. त्या वेळी गिळायचं नाही आणि बोलायचं नाही, एवढंच अवघड. १,८०० रुपये घेतले. ७ मे ला कोल्हापुरात लोकसभेचं मतदान होतं, लॅबला सुट्टी, म्हणून रिपोर्ट ८ तारखेला हातात पडला. बेथेस्डा ४, फॉलिक्युलर निओप्लाझम.

हा रिपोर्ट माणसाला अधांतरी ठेवतो. बेथेस्डा ही एक ते सहा अशी वर्गवारी आहे. दोन म्हणजे साधी गाठ, सहा म्हणजे कॅन्सर. चार मध्ये सुईत आलेल्या पेशींवरून ठरवताच येत नाही. गाठीच्या बाहेरच्या आवरणातून किंवा रक्तवाहिन्यांतून पेशी घुसल्यात का, हे बघितल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही ते सांगता येत नाही, आणि ते बघायला गाठ काढावीच लागते. आईला मी एवढंच सांगितलं की गाठ काढायची आहे. ती राधानगरीकडची, थेट बोलणारी. तिनं विचारलं, "आन् गळा कापल्यावर वरडणार कसा तू सौद्यात?"

तोच प्रश्न घेऊन मी पहिल्या सर्जनकडं गेलो. अनुभवी माणूस, शांतपणे बोलणारे. त्यांनी सांगितलं की आवाजाची नस ते दर वेळी डोळ्यांनी शोधून, बघून, मगच ग्रंथी सोडवतात. मशीन वापरत नाहीत. अनुभवी हातात कायमचं नुकसान शंभरात एकाच्या आसपास होतं, तात्पुरता आवाज बसणं त्याहून जास्त. माझ्या मनात त्यांच्याबद्दल आजही आदरच आहे, कारण नस डोळ्यांनी ओळखणं हाच या ऑपरेशनचा पाया आहे आणि पुढं ज्यांच्याकडं मी ऑपरेशन केलं त्यांनीही तेच सांगितलं. पण शंभरातला तो एक मी असलो तर, हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून दुसरं मत घेतलं, डोकं-मान आणि थायरॉइडची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनचं.

त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं आणि प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागं चित्र काढलं. ही नस मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस नावाच्या मोठ्या नसेतून फुटते. गळ्याजवळ असूनही ती थेट आवाजाच्या पेटीत जात नाही. आधी खाली उतरते, उजवीकडं खांद्याकडं जाणाऱ्या मोठ्या धमनीला वळसा घालते, डावीकडं तर छातीत हृदयाजवळच्या महाधमनीला, आणि मग श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेतून परत वर येते. वर येताना ती थायरॉइडच्या अगदी पाठीला लागून जाते. जाडी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. आवाजाच्या पेटीत शिरायच्या आधी शेवटच्या टप्प्यावर ग्रंथी श्वासनलिकेला घट्ट चिकटलेली असते, तिथं ओढ बसते. बहुतेक वेळा नस कापली जात नाही, ताणली जाते. आणि ताणलेली नस बाहेरून दिसायला अगदी धडधाकट दिसते.

मशीनचा उपयोग त्यांनी इथं सांगितला. भुलीसाठी श्वासनलिकेत जी नळी घालतात, तिच्यावर आवाजाच्या पेटीतल्या स्वरतंतूंच्या उंचीला इलेक्ट्रोड असतात. सर्जन एका बारीक काडीसारख्या प्रोबनं नसेला १ मिलिअँपिअरचा सौम्य करंट देतात. नस शाबूत असली की स्वरतंतूचा स्नायू आकसतो, नळी ते पकडते, मशीन टक-टक वाजतं आणि पडद्यावर लाट उठते. ती किती मोठी हे मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. त्यांनी मोबाइलवर तो आवाजही ऐकवला. लाट १०० मायक्रोव्होल्टच्या खाली गेली, तर सिग्नल गेला असं धरतात.

बायकोनं विचारलं, "म्हणजे मशीन लावलं की आवाजाची खात्री?" ते म्हणाले, "नाही वहिनी. खात्री कुणी देत असेल तर त्याच्याकडं जाऊ नका." मशीननं कायमचं नुकसान ठळकपणे कमी होतं असं अभ्यासांतून पक्कं सिद्ध झालेलं नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मात्र एक गोष्ट डोळ्यांना कळत नाही ती मशीनला कळते. एक बाजू काढून झाल्यावर त्या बाजूची नस काम करतेय का, हे दुसऱ्या बाजूला हात लावायच्या आधी समजतं.

याचं महत्त्व मला त्या दिवशी कळलं आणि वाचणाऱ्यालाही ते नीट कळावं असं मला मनापासून वाटतं. एका बाजूची नस बंद पडली तर आवाज घोगरा होतो, फाटतो, पाणी पिताना ठसका लागतो. त्रास होतो, पण माणूस त्यातून निभावून नेतो. दोन्ही बाजूंच्या बंद पडल्या तर दोन्ही स्वरतंतू मधोमध येऊन थांबतात आणि श्वासच अडतो. मग गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागू शकते. म्हणून मी विचारलं, "पहिल्या बाजूला सिग्नल गेला तर तुम्ही काय करणार?" ते म्हणाले, "थोडा वेळ थांबून बघू. आला नाही तर टाके घालून बाहेर येऊ. नस सुधारली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरी बाजू." म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा खर्च. आम्ही घरी येऊन संध्याकाळभर बोललो आणि हो म्हणायचं ठरवलं. संमतिपत्रावर ही गोष्ट मराठीत लिहून घेतली: मोठी गाठ असलेली उजवी बाजू आधी, सिग्नल गेल्यास डावी बाजू त्या दिवशी करायची नाही. तुमचं दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल तर हा प्रश्न नक्की विचारा. उत्तर काय मिळतं यापेक्षा डॉक्टरांनी त्यावर आधीच विचार केलाय का, हे त्यातून कळतं.

त्याच भेटीत त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू बघितले. नाकात बधिर करणारा फवारा मारतात, घशात कडू उतरतं, मग "ई..." म्हणायला लावतात. पडद्यावर मला माझे स्वरतंतू दिसले, दोन पांढरट पट्ट्या, 'ई' म्हटलं की जवळ येणाऱ्या, श्वास घेतला की दूर जाणाऱ्या. हजार रुपये पडले. कुणाकुणाचा एक स्वरतंतू आधीपासूनच कमजोर असतो आणि आवाजावरून ते कळत नाही. ऑपरेशनच्या आधीची नोंद नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? ही तपासणी कुणी सांगितली नाही तर स्वतः मागून घ्या.

आता कागदपत्रं. हॉस्पिटलकडं स्वतःचं मशीन नव्हतं. कंपनीचा माणूस त्या दिवशी मशीन आणि नळी घेऊन येणार, त्यामुळं ऑपरेशनची तारीख त्याच्या सवडीवर. जूनचा पहिला आठवडा म्हणता म्हणता २० जून ठरली. तसा हंगाम संपलेला होता, गुऱ्हाळं बंद होती, त्यामुळं आमचं काही अडलं नाही. हॉस्पिटलनं लेखी अंदाज दिला: ऑपरेशन, भूल, खोली धरून १,१०,००० आणि नसेच्या मशीनचे वेगळे २६,०००. त्यात १८,००० ची नळी, ती एकदाच वापरून टाकायची, आणि ८,००० मशीनचं भाडं. हे आकडे वेगळे लिहून घेतले ते पुढं फार कामाला आले.

कॅशलेससाठी विमा कंपनीकडं पूर्वमंजुरी पाठवली. सोनोग्राफी, एफएनएसी, डॉक्टरांचा कागद, आधार, पॅन, पॉलिसी, सगळ्याच्या झेरॉक्स. दोन दिवसांनी उत्तर आलं की गाठ पॉलिसी घ्यायच्या आधीची नाही याचा पुरावा द्या. फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलं, पहिली तक्रार कधी, पहिली तपासणी कधी. मग मंजुरी आली, पण मशीनच्या २६,००० समोर लिहिलेलं: वापरून टाकण्याची वस्तू, देय नाही. विमा डेस्कवरच्या ताईंनी सांगितलं की हे आत्ता भांडत बसू नका, ऑपरेशन होऊ द्या, बिलात ही रक्कम वेगळी दाखवतो, नंतर दावा करा. त्यांचा सल्ला बरोबर निघाला. ज्यांच्याकडं विमा नाही, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून ऑपरेशन योजनेत बसतं का आणि ही नळी त्यात धरलीय का, हे दोन्ही विचारावं. एकाचं उत्तर हो असलं तरी दुसऱ्याचं वेगळं असू शकतं.

१९ तारखेला दुपारी दाखल झालो. ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या. संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. तोंड उघडायला लावलं, मान मागं किती जाते ते बघितलं. माझा समज होता की नसेचं सगळं सर्जनच्या हातात असतं. त्यांनी सांगितलं की अर्धं त्यांच्याकडं असतं. नेहमीच्या भुलीत स्नायू पूर्ण सैल करणारं औषध देतात, पण स्नायूच सैल पडला तर नसेला करंट देऊन काय उपयोग, मशीन गप्पच बसणार. म्हणून नळी घालण्यापुरतं, लवकर उतरणारं औषध द्यायचं आणि पुढची भूल दुसऱ्या औषधांवर सांभाळायची. नळीवरचे इलेक्ट्रोड बरोबर स्वरतंतूंना टेकले पाहिजेत, म्हणून ती व्हिडिओ बघत बसवायची, आणि मान मागं वळवली की नळी थोडी सरकते, म्हणून नंतर परत तपासायचं. नळीला बधिर करणारी जेलीसुद्धा लावायची नाही. एवढं सगळं कुणीतरी माझ्या आवाजासाठी आधीपासून ठरवून ठेवलंय हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली.

सकाळी साडेसातला नेलं. खांद्यांखाली उशी घेऊन मान मागं टाकतात. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

शुद्धीवर येताना मॅडमचा आवाज आला, "नाव सांगा तुमचं." मी सांगितलं. आवाज जाडा, फाटका, पण माझा होता. बाहेर आणल्यावर बायको म्हणाली, "अहो, बोलू नका आता." तिचे डोळे भरून आले होते. घसा नळीमुळं खरवडल्यासारखा आणि मानेचा मागचा भाग भयंकर दुखत होता. टाक्यांपेक्षा मानच जास्त दुखली. तुमच्यासोबत कुणी असेल तर त्यांना उठताना डोक्यामागं हात द्यायला सांगा.

संध्याकाळी सर्जन मशीनच्या नोंदीची छापील पट्टी घेऊन आले. ती मी जपून ठेवलीय. उजव्या बाजूला सुरुवातीला व्हेगस नसेवर करंट दिला तेव्हा लाट ६८० मायक्रोव्होल्ट होती. गाठ मोठी, ती पुढं ओढून घेताना लाट कमी होत होत २४० वर आली. त्यांनी हात सैल सोडले, ओढ काढली आणि थांबले. थोडं थोडं करत ती ५१० पर्यंत परत चढली. मग शेवटचा चिवट भाग त्यांनी आणखी सावकाश सोडवला, पुन्हा व्हेगसवर तपासलं, सिग्नल टिकून होता. मगच डावी बाजू. डावीकडं फारसा फरक पडला नाही. पट्टीवर उजवीकडच्या त्या उतरत्या लाटांवर त्यांनी पेनानं गोल केला होता. "इथं मशीन नसतं तर मी कदाचित ओढत राहिलो असतो, कदाचित नसतोही," ते म्हणाले. त्यांच्या या प्रामाणिकपणानं मला हॉस्पिटलातल्या कुठल्याही पाटीपेक्षा जास्त धीर आला.

दुसऱ्या दिवशी रात्री ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, मग बोटांच्या टोकांना. आधी कल्पना दिलेली होती म्हणून लगेच नर्सताईंना सांगितलं. थायरॉइडच्या मागं तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. दोन्ही बाजू काढताना त्यांचा रक्तपुरवठा दुखावला तर कॅल्शियम उतरतं. तपासणीत ७.६ आलं, म्हणजे कमी. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, छातीला मॉनिटर लावून. पहाटेपर्यंत मुंग्या थांबल्या. सगळी काळजी आवाजाची करत बसू नका, दोन्ही बाजूंच्या ऑपरेशनात हा त्रास त्याहून जास्त जणांना होतो. हात-पाय वळायला लागेपर्यंत वाट बघायची नाही, मुंग्या आल्या की बेल दाबायची.

२२ तारखेला शनिवारी टाक्यांजवळची, आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी काढली आणि घरी सोडलं. सोडलं म्हणजे सकाळी सांगितलं, विम्याची शेवटची मंजुरी यायला संध्याकाळ झाली. बिल १,४२,५००, विम्यानं दिले १,०५,८००, मी भरले ३६,७००. निघताना मूळ बिल, मशीनच्या नळीचं कंपनीचं बिल, तिच्यावरचं स्टिकर, ऑपरेशन नोट आणि ती छापील पट्टी यांच्या प्रती मागून घेतल्या. डिस्चार्जच्या गडबडीत हे राहतं आणि नंतर मागायला गेलं की रेकॉर्ड रूमच्या खेपा सुरू होतात.

बायोप्सी १ जुलैला आली. उजवीकडची गाठ फॉलिक्युलर अ‍ॅडिनोमा, म्हणजे साधी. डावीकडं नुसत्या गाठीगाठी. आई त्या दिवशी अंबाबाईला ओटी भरून आली.

आता आवाज. पहिले दोन आठवडे तो सकाळी बरा असायचा आणि दुपारपर्यंत थकायचा. फोनवर मोठ्यानं बोलायला गेलो की फाटायचा, वरच्या पट्टीत तर जायचाच नाही. घटाघटा पाणी प्यायलो की ठसका. हनुवटी छातीकडं वाकवून एकेक घोट घ्यायला शिकवलं, त्यानं तो थांबला. ५ जुलैला परत दुर्बीण घातली. डावा स्वरतंतू व्यवस्थित, उजवा हलतो पण आळसावलेला. सर्जन म्हणाले, मशीनवर सिग्नल टिकला होता, त्यामुळं हा सुधारेल असं धरून चालू. वरच्या पट्टीसाठी नसेची दुसरी एक छोटी फांदी असते, ग्रंथीच्या वरच्या टोकाला लागून जाणारी, ती स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला जाते. तीही थोडी दुखावली असू शकते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तुम्ही गात असाल, भजनाला बसत असाल, मैदानावर मुलांना खेळ शिकवत असाल, तर त्या वरच्या फांदीबद्दलही विचारा.

आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट शाहूपुरीत भेटल्या. एका वेळचे ५०० रुपये. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही की कुजबुजायचं नाही. घरात सगळे मला 'हळू बोल' म्हणून कुजबुजायला लावत होते, त्यानं घशावर उलट ताण येतो. साध्या, खालच्या आवाजात बोलायचं. ओठ मिटून 'म्म' करत सूर वर-खाली न्यायचा, पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून फुंकर घालत सूर काढायचा. हे मी आमच्या गच्चीवर करायचो. शेजारच्या काकांनी एकदा भिंतीवरून विचारलं, "योगा सुरू केलास व्हय?" १६ ऑगस्टच्या दुर्बिणीत दोन्ही स्वरतंतू सारखे हलताना दिसले. वरच्या पट्टीचा जोर मात्र गणपती होऊन गेल्यावर आला.

गोळ्यांचं थोडक्यात. थायरॉइडची गोळी आता कायम. पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा तास चहासुद्धा नाही. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी यांत चार तासांचं अंतर, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. दिवसातून तीनदा कॅल्शियम होतं तेव्हा हे वेळापत्रक जमवणं किचकट गेलं, बायकोनं फ्रिजवर कागद चिकटवला. थायरॉइडची गोळी १०० मायक्रोग्रॅमवर सुरू केली, सहा आठवड्यांनी टीएसएच बघून १२५ केली. जुलैच्या शेवटी पंचगंगा धोक्याच्या पातळीवर गेली, पाणी कुठंपर्यंत येणार याचा भरवसा नव्हता, तेव्हापासून एक जादा पाकीट घरात ठेवतो. पावसाळ्यात कोल्हापूर, सांगलीकडच्या माणसांनी तरी एवढं करावं. कॅल्शियम हळूहळू कमी करत ऑक्टोबरात बंद झालं.

२ नोव्हेंबरला पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा होता. थेरपिस्टनी हो म्हटलं होतं, पण दमानं. पहिले काही सौदे मी काढले, मग पुतण्याकडं दिलं. त्या हंगामात खांद्यावर अडकवायचा छोटा स्पीकर घेतला, २,२०० रुपयांचा. आवाज भरून आला असला तरी स्पीकर आता वापरायचाच असं ठरवलंय, बाजारातल्या बाकी अडत्यांनाही मी तेच सांगतो.

विम्याच्या २६,००० साठी मी आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिलं. सर्जननी एक पानाचं पत्र दिलं होतं: दोन्ही बाजूंचं ऑपरेशन, दोन्ही नसांना धोका, रुग्णाचा व्यवसाय आवाजावर अवलंबून, मशीनच्या नोंदीवरून ऑपरेशनदरम्यान निर्णय घेतला गेला. सोबत छापील पट्टीची प्रत आणि नळीचं वेगळं बिल. पत्रात भांडण काही नव्हतं, फक्त ही नळी हातमोजे-कापसासारखी नसून ऑपरेशनचाच भाग होती एवढं मांडलं होतं. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर विमा लोकपालांकडं जाता येतं, त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे, हे मी पत्राच्या शेवटी नम्रपणे लिहिलं. डिसेंबरमध्ये नळीचे १८,००० खात्यावर जमा झाले. भाड्याचे ८,००० नाकारले, ते मी सोडून दिले. कुणाला तसं पत्र लिहायचं असेल तर तारखा, बिल नंबर आणि डॉक्टरांचं कारण या तीन गोष्टी पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या, आणि पोचपावती घ्यायला विसरू नका.